मुलाचा चेहरा, पालकांची सही

गणेशोत्सवातली वेशभूषा स्पर्धा आटोपली की त्याच रात्री फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. कुणी बालशिवाजी, कुणी जिजाऊ, कुणी छत्री आणि कमंडलू घेतलेला वामन. पूर्वी अशा फोटोंखाली कौतुकाचे दोन शब्द येत. आता त्यांच्या जोडीला एक सल्लाही येतो : "हिला जाहिरातीत का नाही घालत?"

बडोद्यासारख्या शहरात हा सल्ला आता हवेतला राहिलेला नाही. मुलांच्या कपड्यांचे कॅटलॉग सुरत-अहमदाबादला चित्रित होतात. शहरातले सराफ, शाळा, रुग्णालये आपापल्या जाहिराती करतात. ऑनलाइन दुकानांना सतत नवे फोटो लागतात. आणि मुंबई रात्रीच्या गाडीने एका झोपेवर आहे. शिवाय आपल्या घरातले मूल मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषा सहज बोलते. एकाच जाहिरातीच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या निघतात, तिथे ही जमेची बाजू ठरते. त्यामुळे चार ते दहा वर्षांचे बोलके मूल असलेल्या घरांत हा प्रश्न आता खराखुरा विचारला जातो.

मुलाला या कामात घालावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण घालायचे ठरले, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. या व्यवहारात निर्मात्याचा माणूस असतो, एजन्सीचा असतो, ब्रँडचा असतो. मुलाच्या बाजूचा माणूस एकच, तो म्हणजे सोबत गेलेला पालक. तोच पालक जर मुलाचा मॅनेजर बनून 'अजून एक टेक दे, काका रागावतील' असे म्हणू लागला, तर त्या जागेत मुलाच्या बाजूचे कुणीच उरत नाही. पुढचे सगळे मुद्दे या एका गोष्टीभोवती फिरतात.

आपल्याला हे नवे नाही

मराठी माणसाला मुलांनी रंगभूमीवर किंवा पडद्यावर येण्याचे वावडे कधीच नव्हते. संगीत नाटकांच्या काळात कितीतरी मुले कोवळ्या वयात कंपनीत दाखल होत आणि 'मास्टर' हे बिरुद नावामागे लावून गावोगाव फिरत. दादासाहेब फाळके तर आपल्या बडोद्याच्या कलाभवनचे विद्यार्थी. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) राजपुत्राची भूमिका त्यांच्या मुलाने केली, आणि 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच कॅमेरा मंदाकिनीच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. आज ज्याला ऑडिशनची क्लिप म्हणतात, तिचे हे शंभर वर्षांपूर्वीचे रूप म्हणायला हरकत नाही.

या परंपरेला दुसरी बाजूही आहे. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकरांना तेरावे वर्ष चालू होते. घर चालवण्यासाठी त्यांना चित्रपटांत छोट्या भूमिका कराव्या लागल्या. मेकअप, दिवे, अभिनय यांपैकी काहीच आपल्याला आवडत नव्हते, असे त्या पुढे सांगत. त्या मुलीला 'तुला हे करायचे आहे का?' असे विचारण्याची ऐपत तेव्हा घराला नव्हती, आणि ते विचारणे बंधनकारक करणारा नियमही नव्हता. आज आपल्यापैकी बहुतेक घरांना ती ऐपत आहे आणि नियमही आहे.

कायदा काय सांगतो

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली आणि दोनच अपवाद ठेवले गेले. एक, शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक उद्योगात मदत. दुसरा, कलाकार म्हणून काम, ज्यात चित्रपट, मालिका आणि जाहिराती येतात. या दुसऱ्या अपवादाला अट आहे : मुलाच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये.

२०१७ च्या नियमांनी ही अट तपशिलात उतरवली. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. चित्रीकरणाआधी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे कायद्याच्या भाषेत जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, परवानगी घ्यायची. सहभागी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव त्या अर्जासोबत द्यायचे. अशी एक जबाबदार व्यक्ती जास्तीत जास्त पाच मुलांमागे हवी. मुलाच्या उत्पन्नातला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करायचा. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा : मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांचा नवा मसुदा आणला. ओटीटी आणि सोशल मीडियावरची मुलेही त्याच्या कक्षेत घेतली. स्तनपान आणि लसीकरणाचा प्रचार सोडला तर तीन महिन्यांखालील बाळ पडद्यावर आणू नये, असे त्यात सुचवले होते. फक्त सिनेमा आणि मालिका डोळ्यांसमोर ठेवून केलेले नियम आता अपुरे पडतात, ही त्यामागची जाणीव योग्यच आहे.

फट कुठे आहे

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. अडचण अशी की तिचा सगळा भार निर्मात्यावर आहे. मोठ्या ब्रँडची जाहिरात नामांकित निर्मितिसंस्था करते, तेव्हा परवानगीचे काम पाहणारा माणूस तिच्याकडे असतो. पण कपड्यांच्या दुकानाचा एक दिवसाचा कॅटलॉग, एखाद्या मॉलमधला मुलांचा फॅशन शो, ओळखीच्या फोटोग्राफरने केलेला इन्स्टाग्रामसाठीचा व्हिडिओ अशा ठिकाणी 'निर्माता' म्हणजे नेमके कोण, हेच स्पष्ट नसते. जिथे कुणी विचारत नाही तिथे परवानगी घेतली जात नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. परवानगी चित्रीकरण जिथे होते त्या जिल्ह्यातून घ्यायची असते. बडोद्याचे मूल मुंबई उपनगरात काम करणार असेल तर कागद तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. इथे कुणाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तारीख ठरताना पालकाने सरळ विचारावे : "जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का? तिची प्रत मिळेल का?" यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. ज्यांनी परवानगी घेतली आहे ते दाखवतात. जे उडवाउडवी करतात, त्यांनी आपल्याला आधीच उत्तर दिलेले असते.

घरच्या घरी चालवलेल्या इन्स्टाग्राम खात्याची गोष्ट आणखी निराळी. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते स्वतंत्रपणे चालवता येत नाही, म्हणून 'आई-बाबा चालवतात' अशी ओळ वर टाकून ते उघडले जाते. ब्रँडने पाठवलेला फ्रॉक, मग त्याचा व्हिडिओ, मग थोडे मानधन. इथे दिग्दर्शक, निर्माता आणि पालक एकच. पाच तासांचे घड्याळ कुणी लावत नाही, 'आज नको' हे ऐकायला तिसरा माणूस नसतो. बाहेरच्या सेटपेक्षा घरातला सेट सुरक्षित असतो, हे आपण गृहीत धरतो. कामाच्या दृष्टीने ते नेहमीच खरे नसते.

काम कसे मिळते, आणि कसे मिळत नाही

खऱ्या कामाची वाट तशी साधी आहे. ब्रँडला हवे असलेले वय, उंची, भाषा आणि स्वभाव कास्टिंग करणाऱ्याला कळवले जाते. तो आपल्याजवळच्या यादीतून मुलांचे फोटो आणि छोट्या क्लिप मागवतो. त्यासाठी महागड्या पोर्टफोलिओची गरज नसते. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय काढलेले चार-पाच फोटो आणि मूल आपले नाव, वय सांगते अशी अर्ध्या मिनिटाची क्लिप पुरते. उलट लहान मुले भराभर वाढतात. दहा हजार रुपये मोजून केलेला अल्बम सहा महिन्यांत शिळा होतो, कारण तोवर पुढचे दोन दात पडलेले असतात.

निवड झाली नाही तर बहुधा कळवलेही जात नाही. निवड झाली तरी सेटवर राखीव म्हणून आणखी एखादे मूल बोलावलेले असू शकते, विशेषतः अगदी लहान बाळांच्या बाबतीत. एजन्सीचे उत्पन्न मिळालेल्या मानधनातल्या दलालीतून येते. म्हणजे मुलाला काम मिळाले तर तिला पैसे मिळतात.

फसवणुकीचा मार्ग नेमका याच्या उलट चालतो. 'तुमच्या मुलाची निवड झाली आहे' असा संदेश न मागता येतो. मग नोंदणी शुल्क, मग पोर्टफोलिओचे पैसे, मग 'परत मिळणारी' अनामत. आणखी एक प्रकार आहे. पालकांना टेलिग्रामच्या गटात घेतात, ब्रँडची वस्तू आधी विकत घ्या, पैसे कमिशनसह परत मिळतील असे सांगतात. पहिल्यांदा थोडे परत येतातही. मग रकमा वाढतात आणि एक दिवस गट नाहीसा होतो. सूत्र एकच लक्षात ठेवावे : काम देणारा पैसे देतो, घेत नाही. कुणी फसलेच तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. पैशांपेक्षाही मोठी काळजी फोटोंची आहे. अनोळखी माणसाने मुलाचे 'शरीरयष्टी दिसेल असे' फोटो मागितले तर तो संवाद तिथेच थांबवावा. शंका गंभीर असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

पैसा कुणाचा

१९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधून जॅकी कूगन हा छोटा मुलगा जगभर पोहोचला. त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर त्याने हिशेब मागितला, तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळे खर्च करून टाकल्याचे त्याला कळले. तो न्यायालयात गेला. त्या प्रकरणातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे बालकलाकाराच्या कमाईचा १५ टक्के भाग त्याच्यासाठी वेगळा ठेवावा लागतो. आपल्याकडचा २० टक्क्यांचा नियम त्याच जातकुळीतला.

पण २० टक्के ही किमान मर्यादा आहे, उरलेले ८० टक्के पालकांचे आहेत असा त्याचा अर्थ नाही. प्रवास, कपडे, मुक्काम यांचा खर्च वजा जाऊन उरते ते मुलाचेच. घरात एक वही ठेवावी : तारीख, काम, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, खर्च. जाहिरातीचे पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागणे नेहमीचे आहे, त्यामुळे वही नसेल तर काय आले आणि काय बुडाले हेच कळत नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर ती वही त्याच्यापुढे उघडता आली पाहिजे.

कराचाही एक मुद्दा आहे. अज्ञान मुलाचे उत्पन्न साधारणपणे पालकांच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र स्वतःच्या कौशल्याने किंवा कलागुणांनी मिळवलेले उत्पन्न त्याला अपवाद आहे, ते मुलाच्याच नावे धरले जाते. ठेवीवरचे व्याज मात्र पालकांकडे मोजले जाते. मुलाचे पॅन कार्ड काढता येते आणि ते नसेल तर कर जास्त दराने कापला जातो. पहिल्या कामाआधीच एखाद्या सनदी लेखापालाला विचारून घेतलेले बरे.

सही करण्याआधी

भारतीय करार कायद्याप्रमाणे (१८७२) अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. म्हणून सही पालकांची असते, पण बांधला जातो मुलाचा चेहरा. करारात चार गोष्टी शोधाव्यात. फोटो किंवा चित्रफीत किती काळ वापरणार? कुठे वापरणार : दुकानात, टीव्हीवर, इंटरनेटवर, परदेशात? मुदत संपल्यावर वापर सुरूच राहिला तर वेगळे मानधन मिळणार का? आणि त्या काळात त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचे काम नाकारावे लागणार का? 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द दिसले तर थांबावे. सहा वर्षांच्या मुलीचा फोटो ती सोळा वर्षांची झाल्यावरही एखाद्या डब्यावर राहू शकतो, आणि तेव्हा तिला विचारणारे कुणी नसेल.

गेल्या दोन-तीन वर्षांत यात पाचवा प्रश्न जोडला गेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एका फोटोवरून त्याच चेहऱ्याचे शेकडो फोटो बनवता येतात, वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या जागी. एका दिवसाचे मानधन देऊन चेहरा कायमचा हाती घ्यायचा, हे आता तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्यावे की मुलाचा चेहरा, आवाज किंवा चित्र यांपासून कृत्रिम प्रतिमा बनवता येणार नाहीत आणि अशा प्रणालींना शिकवण्यासाठी ती सामग्री वापरली जाणार नाही. मोठ्या संस्थेच्या छापील करारात हे नसेल तर एक ओळ हाताने लिहून दोन्ही बाजूंनी सही करता येते.

कोणते काम नाकारावे

काही कामे कायद्यानेच बंद आहेत. १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे तयार अन्न यांची जाहिरातच करता येत नाही. त्यांच्या डब्यांवर बाळाचा फोटोही चालत नाही. तेव्हा अशा उत्पादनासाठी कुणी 'गुबगुबीत बाळ' मागत असेल, तर नकार देणेच योग्य. तंबाखू आणि मद्याच्या जाहिरातीत मुले दाखवायला २०२२ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनीही मनाई केली आहे.

काही कामे कायद्यात बसतात, पण घराने विचार करावा. उदाहरणार्थ, एका मुलाला दुसऱ्याहून कमी लेखणारी गोष्ट. निवडीच्या वेळी रंगाबद्दल, वजनाबद्दल मुलासमोर बोलले जाते, हेही लपवण्यासारखे नाही. गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातीत सावळ्या माणसाला कमी दाखवू नये, असा जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियमन संस्थेचा २०१४ चा दंडक आहे. जाहिरातीत जे दाखवता येत नाही, ते ऑडिशनच्या खोलीत आपल्या मुलाने का ऐकावे? तिथून उठून येण्याचा हक्क पालकाला आहे.

शाळा, आणि 'नको'

१८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या गावात शाळेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तरीही हिशेब मांडून पाहावा. पाच तास हे सेटवरच्या कामाचे. मुंबईला जाणे-येणे, वाट पाहणे, दुसऱ्या दिवशीचा शिणवटा हे कुणी मोजत नाही. एका दिवसाच्या जाहिरातीपायी शाळेचे दोन-तीन दिवस जातात. वर्षाला अशी किती कामे घ्यायची, हा आकडा घरात आधीच ठरलेला असावा. आमिष समोर आल्यावर तो ठरवता येत नाही. गावातल्या गावात, सुट्टीत, लहानशा कामाने सुरुवात करणे म्हणूनच शहाणपणाचे. मुलाला गर्दी, दिवे आणि परत परत तेच करणे मानवते का, हे अशा एका कामातून कळते.

आणि मग 'नको'. चार वर्षांचे मूल 'माझी संमती नाही' असे म्हणत नाही. ते कपडे बदलायला तयार होत नाही, पोट दुखते म्हणते, आईच्या ओढणीत तोंड लपवते. सेटवर वीस माणसे थांबलेली असतात, दिव्यांचे भाडे चढत असते, आणि सगळ्यांच्या नजरा पालकाकडे असतात. कायद्याने मुलाच्या इच्छेला जे स्थान दिले आहे ते त्या क्षणी फक्त पालकाच्या तोंडून बोलू शकते. "आज तिला जमणार नाही" हे वाक्य म्हणण्याची तयारी असेल, तर मुलाला खुशाल या वाटेवर न्यावे. ती तयारी नसेल, तर वेशभूषा स्पर्धेचा फोटो पुरेसा आहे.

आपल्या समाजात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, जाहिरातीत काम करणारी आणि ललित कला विद्याशाखेतून शिकून बाहेर पडलेली मंडळी आहेत. एखाद्या घरी करार आला, तर सही करण्याआधी तो यांपैकी कुणाला तरी दाखवावा. एक संध्याकाळ जाईल. तेवढा वेळ थांबायला जो तयार नाही, त्याचे काम हातून गेले तरी त्याची हळहळ वाटून घेऊ नये.